लग्न छोटे, वाळवंट मोठे



‘पळून जाऊन लग्न केले’ हे चार शब्द आपल्या वस्तीत कुणाच्या कानावर पडले की नळावर कुजबुज सुरू होते. आई पदर तोंडाला लावते. बाप मान खाली घालून कामावर जातो. मुलाने आणि मुलीने कायद्याने, राजीखुशीने, सज्ञान होऊन लग्न केले असले तरी लोकांच्या लेखी ते ‘पळालेले’च असतात.

अमेरिकेत याच गोष्टीला ‘इलोपमेंट’ म्हणतात. पण या शब्दाचा अर्थ तिकडे आता पार बदलला आहे. आज तिकडे कुणी ‘आम्ही इलोप करणार’ असे म्हटले तर त्याचा अर्थ साधारण असा होतो: हॉल नाही, बॅण्ड नाही, तीनशे पाने नाहीत. दोघांनी दिवस ठरवायचा, सरकारी परवाना काढायचा, दोन-चार, फार तर दहा-पंधरा माणसे बरोबर घ्यायची आणि समुद्रकाठी, डोंगरावर किंवा वाळवंटात उभे राहून एकमेकांना वचन द्यायचे. घरच्यांना हे ठाऊक असते. पुष्कळदा घरचे बरोबरही असतात. पळणे फक्त शब्दात उरले आहे.

आपल्या घरातली पोरेपोरी शिकून नोकरीसाठी तिकडे जाऊ लागली आहेत. उद्या कुणाच्या घरी फोन येईल, ‘आई, आम्ही वाळवंटात लग्न करतोय.’ तेव्हा आईने घाबरून जाऊ नये आणि पोरांनीही चार रंगीत फोटो बघून हुरळून जाऊ नये, म्हणून आजचे सदर. लग्न छोटे असले तरी त्याची तयारी छोटी नसते. वाळवंटात तर नाहीच नाही.

पळावे का लागत होते?

पहिल्यांदा हे समजून घेऊ की माणसे पळून का जात होती.

इंग्लंडमध्ये १७५३ साली लग्नाचा नवा कायदा झाला आणि १७५४ पासून तो लागू झाला. एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना आई-बापाच्या संमतीशिवाय लग्नाला अडचण आली. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये हा कायदा नव्हता. मग जोडपी घोडागाडीत बसून सरहद्द ओलांडू लागली. सरहद्दीलगतचे ग्रेटना ग्रीन हे गाव त्यासाठीच नावाजले. तिथे लोहाराच्या ऐरणीपुढे लग्ने लागत.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९२७ साली परवान्यासाठी तीन दिवस थांबण्याची अट घातली. लोकांनी दारूच्या नशेत लग्न करू नये, हा त्यामागचा हेतू. घाईची जोडपी मग वाळवंट ओलांडून शेजारच्या ॲरिझोनातील युमा गावी आणि नेवाडा राज्यात जाऊ लागली. पुढे ती अट गेली, पण वाळवंटात जाऊन लग्न करण्याची चाल राहिली.

हा झाला गमतीचा भाग. दुसरा भाग गमतीचा नाही. कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाने काळ्या किंवा आशियाई माणसाशी लग्न करायला कायद्यानेच बंदी होती. याच राज्याच्या दक्षिणेला इम्पीरिअल खोरे आहे. मूळचे वाळवंट, कालव्याचे पाणी आणून शेतीखाली आणलेले. तिथे राबायला गेलेल्या पंजाबी शेतमजुरांना १९१७ च्या कायद्यानंतर हिंदुस्थानातून बायको आणणे अशक्य झाले. त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. कचेरीतला कारकून दोघांची कातडी निरखायचा आणि मग परवाना द्यायचा की नाही ते ठरवायचा. एका कचेरीने नाही म्हटले की जोडपे दुसऱ्या गावची वाट धरी.

ही बंदी मोडली ती आंद्रेआ पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस या लॉस एंजेलिसच्या जोडप्याने. कारकुनाने परवाना नाकारला. ती मेक्सिकन वंशाची म्हणून सरकारी कागदात ‘गोरी’ आणि तो काळा. दोघे पळाले नाहीत, कोर्टात गेले. १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

व्हर्जिनिया राज्यातील रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांना मात्र परराज्यात जावे लागले. तो गोरा, तिचा वंश काळ्यांचा आणि मूळ रहिवाशांचा. १९५८ च्या जून महिन्यात दोघांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. गावी परतल्यावर एका रात्री पोलीस थेट त्यांच्या निजायच्या खोलीत शिरले. एक वर्षाची कैद झाली आणि पंचवीस वर्षे राज्यात एकत्र पाऊल ठेवायचे नाही, या अटीवर ती स्थगित झाली. दोघे लढले. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला आणि त्या वेळी सोळा राज्यांत उरलेले असले कायदे रद्द झाले.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडे कायदा आड येत नाही, तर जात आड येते. आंतरजातीय लग्न केलेल्या सज्ञान जोडप्याला कुणी त्रास देत असेल तर पोलिसांनी संरक्षण द्यावे, असे आपल्या सुप्रीम कोर्टाला २००६ साली सांगावे लागले. २०१८ साली अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याचे निर्देश द्यावे लागले. म्हणून कुणी हौसेने पळतो आणि कुणी जीव वाचवायला पळतो, हा फरक विसरू नका. आज आपण हौसेच्या लग्नाची गोष्ट करतो आहोत. ती हौस करता येणे हाही कुणाच्या तरी लढ्याचा लाभ आहे.

जागा कोणती?

उदाहरणासाठी एकच जागा घेऊ. कॅलिफोर्नियातले जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान. लॉस एंजेलिसपासून पूर्वेला दोनशे किलोमीटरहून थोडे जास्त. इथे दोन वाळवंटे एकमेकांना भेटतात, उंचावरचे मोहावी आणि सखल भागातले कोलोरॅडो. गोल गोल प्रचंड खडकांच्या राशी आणि त्यांच्यामध्ये हात वर करून उभी असावीत तशी जोशुआची झाडे. बायबलातल्या जोशुआवरून मॉर्मन वसाहतवाल्यांनी हे नाव दिले, असे म्हणतात.

हे झाड आपल्या ओळखीतले निघेल. शेताच्या बांधावर घायपात असते ना, त्याच्याच कुळातले. वर्षाला जेमतेम चार-सात सेंटिमीटर वाढते. म्हणजे माणसाच्या उंचीचे झाड तुमच्या-माझ्या आधीचे असू शकते. त्याच्या फुलांचे परागीकरण एक लहानसा पतंग करतो. तो नसेल तर झाडाला बी नाही, आणि झाड नसेल तर पतंगाच्या पिलांना खाणे नाही.

ही जागा वाचली ती एका बाईमुळे. मिनर्व्हा हॉइट तिचे नाव. तान्हे मूल गेले, १९१८ साली नवरा गेला. त्या दुःखात तिला वाळवंटाने आधार दिला. त्या काळी लोक बागेच्या हौसेपायी वाळवंटातली निवडुंगे आणि झाडे गाड्या भरभरून उपटून नेत होते. बाईने वाळवंटी झाडांची प्रदर्शने न्यूयॉर्कपासून लंडनपर्यंत नेली. १९३० साली संस्था काढली, सरकारदरबारी खेटे घातले. १० ऑगस्ट १९३६ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखीव केली. १९९४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले.

बाईच्या आधीही तिथे माणसे होतीच. सेरानो, चेमेहुएवी, काहुइला, मोहावी या मूळ रहिवाशांची ही भूमी. उद्यानाच्या उत्तरेला ट्वेंटीनाइन पाम्स नावाचे गाव आहे. तिथल्या पाणथळीपाशी सेरानो लोकांनी दर मुलाच्या जन्माला एक ताडाचे झाड लावले आणि पहिल्या वर्षी एकोणतीस झाडे झाली, अशी कथा सांगतात. ज्या जागी आपण पाहुणे म्हणून उभे राहणार, तिथे कुणी पिढ्यान्‌पिढ्या नांदले होते, एवढे तरी ठाऊक असावे.

कायद्याचे लग्न कसे होते?

आता कामाचे बोलू. फोटो काढला म्हणजे लग्न झाले असे होत नाही. लग्न कागदावर होते.

कॅलिफोर्नियात लग्नाचा परवाना काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारकून कचेरीतून मिळतो. दोघांनी ओळखपत्र घेऊन जायचे. आपल्या मुलांनी पासपोर्ट न्यावा. आधी लग्न झालेले असेल तर ते कधी व कसे संपले याची तारीख लागते. तिथला रहिवासी असण्याची अट नाही. रक्ततपासणी नाही, थांबावे लागत नाही. शुल्क काउंटीप्रमाणे बदलते. एका काउंटीत काढलेला परवाना राज्यात कुठेही चालतो. मुदत नव्वद दिवसांची. नव्वद दिवसांत लग्न झाले नाही तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा शुल्क.

आपल्या विशेष विवाह कायद्याशी तुलना करून पाहा. १९५४ चा तो कायदा. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला हवा. मग नोटीस, ती कचेरीत लागते, हरकतीसाठी तीस दिवस, आणि तीन साक्षीदार. ज्यांच्या घरचा विरोध आहे त्यांना हे तीस दिवस किती लांब वाटतात, ते ज्याचे त्याला माहीत.

नेहमीच्या परवान्यावर कॅलिफोर्नियात निदान एक साक्षीदार सही करतो, फार तर दोन. ‘गोपनीय’ म्हणून दुसऱ्या प्रकारचा परवाना असतो. त्याला साक्षीदार लागत नाही आणि त्याची नोंद सार्वजनिक नसते. पण तो आधीपासून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी आहे.

लग्न लावणारा माणूसही कायद्याला मान्य असावा लागतो. न्यायाधीश किंवा धर्मसंस्थेने अधिकार दिलेली व्यक्ती चालते. अनेक काउंट्यांत तुमच्या एखाद्या मित्राला एका दिवसापुरता अधिकार मिळतो. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. लग्न लागल्यावर त्याच माणसाने सह्यांचा कागद दहा दिवसांच्या आत काउंटीच्या नोंदणी कचेरीत पोचवायचा असतो. इथे पुष्कळ जण ढिले पडतात. कागद मित्राच्या गाडीत राहतो आणि सगळे समजतात लग्नाची नोंद झाली.

आणखी दोन गोष्टी. नोंदणी झाली की दाखला आपोआप घरी येत नाही. प्रमाणित प्रत मागावी लागते, तिचे पैसे वेगळे. दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात. दुसरी गोष्ट नावाची. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर ते परवान्याच्या अर्जातच लिहावे लागते. मागाहून त्या कागदावर बदलता येत नाही. मुलींनी हे आधी ठरवावे, खिडकीपाशी उभे राहून नव्हे. नाव बदलायलाच हवे असेही नाही.

उद्यानाचा परवाना वेगळा

लग्नाचा परवाना काउंटीचा आणि जागेचा परवाना उद्यानाचा. हे दोन वेगळे कागद. उद्यानात लग्न करायचे तर माणसे कितीही थोडी असोत, आधी परवानगी लागते. अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. काही आठवडे आधीच अर्ज करावा. उद्यानात शिरताना गाडीचे प्रवेशशुल्क द्यावे लागते ते निराळे.

लग्नासाठी ठरावीक जागा नेमून दिलेल्या आहेत आणि प्रत्येक जागेला माणसांची मर्यादा आहे. फोटोत पाहून मन गेले ती जागा यादीत असेलच असे नाही. परवाना मिळाला म्हणजे जागा आपल्या एकट्याची झाली असेही नाही. तुमचे वचन चालू असताना मागून कुणी पाठपिशवी लावून जाईल. त्याला हटकता येत नाही. शनिवार-रविवार आणि सुटीचे दिवस टाळावेत.

अक्षता टाकता येत नाहीत. तांदूळ, पक्ष्यांचे दाणे, फुलांच्या पाकळ्या, कागदाचे तुकडे यांपैकी काहीही उधळायला बंदी. फुगे सोडता येत नाहीत. झाडाला किंवा खडकाला काही बांधता येत नाही. ड्रोनला राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून मनाई आहे, म्हणून वरून फोटो काढून देतो म्हणणाऱ्या फोटोवाल्याच्या बोलण्याला भुलू नका.

हे नियम कटकटीचे वाटतील. पण कारण समजून घ्या. तिथल्या जमिनीवर सूक्ष्म जीवांची एक काळपट, खरबरीत साय धरलेली असते. ती माती धरून ठेवते, पाणी मुरू देते. एका पावलाने ती मोडते आणि पुन्हा धरायला कितीतरी वर्षे, काही ठिकाणी पिढ्या लागतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात अमेरिकेचे सरकारी कामकाज पस्तीस दिवस बंद पडले होते. राखणदार कमी होते. तेवढ्या काळात लोकांनी गाड्या आडरानात घातल्या, काही जोशुआ झाडेही तोडली गेली. कॅलिफोर्नियाने २०२३ साली या झाडासाठी खास संरक्षण कायदा केला. वाटेवरून चालावे, खडकावर उभे राहावे, फोटोसाठी झाडाला लोंबकळू नये. आपल्या आनंदाची किंमत मुक्या झाडाने का द्यावी?

पाणी, ऊन आणि घड्याळ

वाळवंट सुंदर दिसते, पण ते चुकीला माफी देत नाही.

उद्यानाच्या आतल्या बहुतेक भागात पिण्याचे पाणी नाही. पाणी मिळते ते कडेच्या मोजक्या ठिकाणी. खाण्याचे दुकान नाही, पेट्रोल नाही. माणशी रोज निदान चार लीटर पाणी बरोबर असावे, चालायचे असेल तर जास्त. दहा माणसे म्हणजे चाळीस लीटर. आपल्याकडचे दोन मोठे कॅन समजा. गाडीची टाकी बाहेरच्या गावात भरूनच आत शिरावे.

उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो. जून ते सप्टेंबर लग्नाचे नावच काढू नये. म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील तर अजिबात नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला अचानक पाऊस कोसळतो आणि कोरडा ओढा बघता बघता पुराने भरतो. हिवाळ्यात दिवस बरा, पण रात्री पाणी गोठते. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले. वसंतात वारा जोराचा असतो. साडीला जास्तीच्या पिना लावाव्यात, पायात सपाट तळाचे बूट घालावेत. नवी चप्पल आणि काटेरी निवडुंग यांचे जमत नाही.

मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. म्हणून नकाशा कागदावर घ्यावा किंवा आधीच उतरवून ठेवावा. आपण कुठे जाणार, किती वाजता परतणार हे बाहेरच्या एका माणसाला सांगून जावे. अंधार पडायच्या आत गाडीपाशी यावे. डिसेंबरात सूर्य संध्याकाळी पाचच्या आतच मावळतो.

आई-बापांचे काय?

आता खरा प्रश्न. मुलगी कॅलिफोर्नियात, आई इथे चाळीत. विमानाचे तिकीट परवडत नाही, व्हिसा मिळेलच याची खात्री नाही. ‘फोनवर दाखवू’ असे पोरे सहज म्हणतात. पण आत्ताच सांगितले, आत रेंज नाही. पडद्यावर चक्र फिरत राहील आणि आई रात्रभर फोन हातात धरून बसेल. हा त्रास आधी विचार केला तर टळतो.

एक उपाय घड्याळात आहे. एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. तिथे सकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळचे सात. एप्रिलच्या मध्याला तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे सूर्योदयाला वचन घ्यायचे आणि उजेड चढताच बाहेरच्या गावात यायचे, जिथे रेंज आहे. तोवर इथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. बाप कामावरून आलेला असतो, शेजारपाजार जमलेला असतो. सकाळी ऊन कोवळे असते आणि गर्दीही कमी. संध्याकाळचे लग्न म्हणजे इथे दुसऱ्या दिवशीची पहाट किंवा सकाळ, तेव्हा पहिली पाळी असलेल्या घरात कुणाचा कुणाला मेळ नसतो.

दुसरा उपाय याहून सोपा. वचन आणि कागदावरच्या सह्या गावातल्या मुक्कामाच्या जागी करायच्या, आई-बापांना फोनच्या पडद्यावर समोर बसवून. त्यांनी दोन शब्द बोलावेत, आशीर्वाद द्यावेत. मग दोघांनी वाळवंटात जाऊन फोटो काढावेत, हवे तितके. कायदा सह्या आणि साक्षीदार बघतो, मागचा डोंगर बघत नाही. तरी आधी लग्न लावणाऱ्याला विचारून घ्यावे, म्हणजे कागदावर तारीख आणि ठिकाण बरोबर लागेल.

आणि आई-बापांनाही एक सांगणे आहे. लेकराने चार माणसांत लग्न केले म्हणजे तुम्हाला टाकले, असे मनात आणू नका. लपवून केलेले लग्न आणि लहान केलेले लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लपवले असेल तर विचारा, कशाची भीती वाटली? उत्तर कदाचित आपल्यालाच तपासायला लावील. लहान केले असेल तर आधी खुशाली विचारा. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मागाहून.

खर्चाचा हिशेब

छोटे लग्न स्वस्त असते, हा एक गैरसमज. परवाने, प्रमाणित प्रती, गाडीचे भाडे, दोन रात्रींचा मुक्काम, कपडे, फुले आणि सर्वांत मोठा खर्च फोटोवाल्याचा. वाळवंटातले लग्न हा तिकडे आता चांगला चालता धंदा झाला आहे. ‘सगळे आम्ही बघतो’ म्हणणारी मंडळी ठोक रक्कम सांगतात. त्यात काय आहे आणि काय नाही, ते लिहून घ्यावे. उद्यानाचा परवाना कुणी काढायचा? लग्न रद्द झाले, वादळ आले तर पैसे परत मिळतील का? उद्यानात पैसे घेऊन काम करायची परवानगी त्यांच्याकडे आहे का? हे तीन प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावेत, नंतर नव्हे.

इथे सावकाराच्या किंवा पतपेढीच्या कर्जावर जेवणावळी उठतात आणि पुढची पाच वर्षे हप्ते चालतात. तिकडे तेच कर्ज कार्डावर होते. हप्ता तो हप्ताच, मग तो मांडवाचा असो की सूर्योदयाच्या फोटोंचा. दोघांनी बसून एक आकडा ठरवावा. त्यातून आधी कागदपत्रे, मग पाणी आणि प्रवास, मग मुक्काम, आणि उरले तर फोटो. हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. चांगला कॅमेरा असलेला एखादा मित्र साक्षीदारही होतो आणि फोटोही काढतो.

इथल्या कागदांसाठी

अमेरिकेतला दाखला भारतात दाखवायचा तर त्यावर ‘अपोस्टिल’ नावाचा शिक्का घ्यावा लागतो. भारत त्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. कॅलिफोर्नियात हा शिक्का राज्याच्या सचिव कार्यालयातून मिळतो आणि तो काउंटीच्या प्रमाणित प्रतीवर बसतो, घरातल्या झेरॉक्सवर नाही. दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली आपल्या वकिलातीत नोंदणीचीही तरतूद आहे. मुलाचे वय एकवीस आणि मुलीचे अठरा पूर्ण हवे. लग्न झाले म्हणून कुणाचा व्हिसा आपोआप बदलत नाही. त्याची कारवाई निराळी आणि वेळखाऊ. लग्नाच्या आधीच जाणत्या वकिलाला विचारावे, ओळखीच्या ओळखीने ऐकलेल्यावर विसंबू नये.

भगिनींनो, दागिने, मानपान, आहेर, पंगती यांच्या ओझ्याखाली लग्नाचा मूळ गाभा आपल्याकडे दबून जातो. दोन सज्ञान माणसे, खुली संमती, साक्षीदार आणि कागद, एवढेच लग्नाला लागते. ते वाळवंटात होते तसे आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरातही होते, आणि तिथे पाणीही नळाला असते. तुमच्या मुलीने उद्या जोशुआच्या झाडाखाली उभे राहायचे ठरवले तर तिला नाही म्हणू नका. तिला एवढेच विचारा, कर्ज किती काढलेस, पाणी किती घेतलेस, आणि कागद दहा दिवसांत कोण पोचवणार? तीनही उत्तरे बरोबर आली तर शेजारणीला बिनधास्त सांगा, आमच्या पोरीचे लग्न ठरले.

पुढच्या आठवड्यात लग्नाच्या नोंदणीला आपल्याकडे लागणाऱ्या कागदांविषयी बोलू.